टपावरची चौथी सायकल

पौष लागला की मनीषनगरातल्या गच्च्यांवर पोरं चढतात. ऊन अजून कोवळं असतं, लोखंडी कठड्याला हात लावला तर झटका बसावा असा गारठा असतो, आणि कुठून तरी पहिली आरोळी येते, "ओ काऽऽट!" ती ऐकली की माझे हात शिवशिवतात. पतंगासाठी नाही. पतंग मी जन्मात उडवला नाही. माझे हात शिवशिवतात ते सायकली बांधायला.

दुसऱ्यांच्या घरी संक्रांत आली की तीळ पाखडतात. आमच्या घरी तीळही असायचे, पण त्याआधी दोऱ्या उन्हात पडायच्या. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुती दोऱ्या, वर कोणाच्या तरी पतंगाची सावली फिरते आहे, आणि खालून विमल ओरडते आहे, "अवो, दोऱ्या वाळवता का गहू? उतरा ना आता, चहा थंडा होऊन राहिला!"

विमल माझी बायको. मागच्या वैशाखात गेली. ऊन लागलं, ऊन लागलं म्हणता म्हणता गेली. त्यामुळं यंदा आमच्याकडे सण नव्हता. पण हवेला कोण सांगणार की या घरी सण नाही? गारठा आला, पतंग आले, बाजारात बोरं आली, हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आल्या. सगळं आपापल्या वेळेवर आलं.

शाळा मी चौथीतच सोडली. त्यापुढची सगळी हयात गांधीबागेत कापडाचे गठ्ठे बांधण्यात गेली. धोतरं, लुगडी, चादरी. मी बांधलेला गठ्ठा ट्रकमध्ये आदळत-आपटत रायपूरला जायचा आणि उतरायचा तो जसा चढवला तसाच. याचा मला गर्व आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. दोरी ओढताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. ओढून झाल्यावर गठ्ठ्यावर थाप मारायची. आवाज भरीव आला पाहिजे. पोकळ आला तर सोडायचं आणि पुन्हा बांधायचं. मग मागे ट्रकवाला कितीही भोंगा वाजवो.

आमच्या शेठनं त्याची जुनी चारचाकी काढली तेव्हा ती मी घेतली. गाडी कसली, डबी. चौघं बसलो की गुडघे गुडघ्याला लागायचे. मी आपला खुशीत. म्हटलं, या संक्रांतीला विमलला गाडीतून माहेरी नेतो. तिचं माहेर भंडारा रोडनं मौद्याच्या पुढं जाऊन आत वळलं की कालव्याच्या काठावर. तिला सांगितलं, तर बाई तोंड वाकडं करून बसली.

"गाडीत बसून मी गावात नाही येणार," म्हणाली.

"काहून वं? लाज वाटते का गाडीची?"

"लाज कायची? पण काचेतून कोणाले राम-राम करू मी? मी सायकलनं जाईन. तुमी या मागून तुमच्या डबीत."

कालव्याच्या पाळीवर ती लहानपणी सायकल शिकली होती. बापाची उंच सायकल, हिचे पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून वेडीवाकडी चालवायची. गावातली ती पहिली पोरगी सायकल चालवणारी. लग्न होऊन नागपुरात आली आणि ते सगळं तिथंच राहिलं. बऱ्याच वर्षांनी, पोरं शाळेत जायला लागल्यावर, सीताबर्डीवरून तिला मी बिनदांड्याची एक सायकल आणून दिली. हिरवी. त्या सायकलीवरून माहेरात शिरायचं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. हट्टीपणात माझ्यापेक्षा ती जराही कमी नव्हती.

मग मी म्हटलं, ठीक आहे. सायकल नेऊ. तुझी एकटीचीच काहून, सगळ्यांच्या नेऊ.

त्या वर्षापासून आमच्या घरचा रिवाज पडला. डबीएवढ्या गाडीच्या टपावर चार सायकली: माझी, विमलची, पोरगा किशोरची, पोरगी वंदनाची. वंदना लग्न होऊन रायपूरला गेली, तर तिच्या जागी सून आली, रश्मी. तिची सायकल चढली. पुढं डबी भंगारात गेली, किशोरनं दुसरी गाडी घेतली, तीही लहानच. सायकली मात्र चारच्या चार राहिल्या.

छोट्या गाडीवर चार सायकली बांधणं म्हणजे कोणालाही वाटतं, टाकल्या वर आणि आवळली दोरी. तसं नाही ते. आधी टपावर जुनी वाकळ टाकायची, पत्रा खरचटू नये म्हणून. तिच्यावर कॅरियर. सायकल उलटी ठेवायची, सीट आणि हँडल खाली, चाकं आभाळाकडं. पहिलीचं तोंड पुढं, दुसरीचं मागं, तिसरीचं पुढं, चौथीचं मागं. म्हणजे हँडलला हँडल लागत नाही आणि त्या एकमेकींच्या कुशीत शिरतात. पायडलांना चिंध्या गुंडाळायच्या. सुती दोरीनं ओझं आवळायचं आणि त्याच्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबांचे पट्टे ताणून बांधायचे. दोरी धक्क्यांनी सैल पडते. रबर सैल पडत नाही, ते आपल्या जागी यायला सारखं ओढत राहतं. पुढून आणि मागून एकेक ताण द्यायचा, नाहीतर ब्रेक मारला की सगळं समोरच्या काचेवर. चाकंही बांधायची, नाहीतर वाऱ्यानं गरागरा फिरतात. आणि गाव सुटलं की गाडी थांबवायची, उतरायचं, प्रत्येक सायकल हातानं हलवून पाहायची. ती हलली आणि गाडीही सोबत हलली, तर बरोबर. नुसती सायकल हलली, तर सोडा आणि पुन्हा बांधा.

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक आडवा लोखंडी दांडा आहे. सायकली त्याच्याखालून जेमतेम जातात. दरवर्षी तिथं आलो की विमल खिडकीतून डोकं काढून वर बघायची आणि सायकलींना ओरडून सांगायची, "वाका वं बायांनो, वाका!" सायकली कुठल्या वाकतात! पण तिचं ऐकून गाडीत बसलेले आम्ही सगळे मान खाली घालायचो. टप डोक्यावर असताना, टपावरच्या सायकलींसाठी. बाहेर चौकीदार पोट धरून हसायचा.

रस्ताभर वरून चाकांतून शिट्टीसारखा आवाज यायचा. उजाडत असायचं. पारडीपर्यंत पतंगांचे तुटलेले मांजे तारांवरून लोंबलेले असायचे आणि वर आभाळाकडं पाय केलेल्या आमच्या सायकली ते सगळे गोळा करत यायच्या. गाडी कालव्याच्या पुलाशी उभी केली, सायकली उतरवल्या की आऱ्यांत मांज्याचे गुंतवळे निघायचे. लाल, जांभळे, एखादा फाटका पतंगसुद्धा. विमल पुलाच्या कठड्यावर बसून ते दातानं तोडायची. "दात तुटतील म्हातारे," मी म्हणायचो. "तुटले तर तुमचे लावीन," ती म्हणायची.

मग पदर खोचून ती पुढं निघायची. एका बाजूला कालव्याचं पाणी वाफाळल्यासारखं, दुसऱ्या बाजूला धान कापून झालेल्या बांध्या आणि त्यांच्यात निळ्या फुलांची लाखोळी. तणसाच्या ढिगांचा गोडसर वास. ती घंटी वाजवायची थांबायचीच नाही. गावात शिरलो की तिची भावजय, पार्वतीवहिनी, तांब्या घेऊन दारात उभी. पाय धुवायचं पाणी. विमल काही सायकलवरून उतरायची नाही. वहिनी म्हणायची, "उतर वं आता, का पायडलावरच धुऊ पाय?" आणि हसत हसत अर्धा तांब्या सायकलच्या पुढच्या चाकावर ओतायची. "घे, हिचेच धुते आधी. हिनंच आणलं तुले."

एवढीच संक्रांत होती आमची. यात सांगण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हणेल. मला तर रोज नवं काहीतरी आठवतं.

यंदा किशोर म्हणाला, "बाबा, सण नसला तरी मामीकडं जाऊन येऊ. तिनं दोनदा फोन केला." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना मोठं खोकं घेऊन आला. आत लोखंडाचा सांगाडा, काळे पट्टे, बकला.

"हे काय होय?"

"सायकलचं रॅक हाय, बाबा. मागच्या डिक्कीले लागते. तुमाले आता टपावर चढाचं काम नाही. दोन मिनटात बसते, कुलूपही आहे."

"किती मावतात?"

"तीन."

"आपल्या चार आहेत."

किशोर खोक्यातला कागद घडी करत बसला. मग वर न बघता म्हणाला, "बाबा, जाणारे तर आपण तीनच हाओ ना."

मी त्या सांगाड्याकडं बघितलं. वाईट वस्तू नव्हती. पण माझं डोकं फिरलं. "हे वरण-भात चमच्यानं खाणाऱ्या लोकाइचं काम होय," मी म्हटलं. "मले नाही पाहिजे. मी टपावर बांधीन."

"बरं, टपावर बांधा. पण तीन."

"तीन बसत नाहीत. एक बाजू हलकी पडते. चौथी लागतेच."

"वजनच पाहिजे ना? मग गव्हाचं पोतं ठेवू एका बाजूनं."

"गव्हाचं पोतं चाकात चाक घालून बसते का गा?"

तो चिडला. पायावर हात मारून म्हणाला, "बाबा, आईची सायकल तिथं नेऊन काय करणार तुमी? कोण बसणार तिच्यावर? मामीले किती वाईट वाटेल, याचा विचार केला का?"

मी म्हटलं, "ती नाही चढली तर मीही नाही येत. तुमी दोघं जा." आणि उठून आत गेलो.

खरं सांगायचं तर तीन सायकलीही बांधता येतात. मधोमध घेतल्या की झालं. मी एकेकटा गठ्ठा ट्रकच्या मोकळ्या फळीवर बांधून पाठवला आहे आणि तो हललासुद्धा नाही. पण हे मी किशोरला सांगितलं नाही आणि पुढंही सांगणार नाही.

बाहेर रश्मीचा आवाज आला. ती कमी बोलणारी आहे. म्हणाली, "राहू द्या ना ते रॅक. त्याइच्या मनासारखं बांधू द्या." थोड्या वेळानं खोकं पुन्हा चिकटपट्टीनं बंद केल्याचा आवाज आला.

दोऱ्या काढल्या. पण मनात धास्ती ट्यूबांची होती. नागपूरच्या एका उन्हाळ्यात रबर वाळतं, चिकटतं, ताणलं की तडकतं. माझे पट्टे मात्र वर्षानुवर्षं चालले होते. त्याचाही मला गर्व होता. दुकानदाराच्या ढिगातून मी स्वतः निवडून आणलेल्या ट्यूबा, जाड, काळ्याभोर. जो भेटेल त्याला मी सांगायचो, वस्तू ओळखता आली पाहिजे. पण मागचा उन्हाळा तसा गेला होता. त्या उन्हाळ्यात मी कशाकडंच बघितलं नव्हतं. म्हटलं, आता चिंध्या निघतील.

माळ्यावरून पिशवी काढली. विमलच्या जुन्या परकराची शिवलेली पिशवी. नाडी सोडली तर आतून पांढरा धूर उठला आणि त्याच्याबरोबर वास आला.

विमलचा वास. गुलाबाच्या पावडरीचा. लग्नापासून तिनं ती एकच पावडर लावली, मानेला आणि गालांना, अंघोळ झाल्यावर, आरशाकडं न बघता. मी तिथंच शिडीवर थांबलो. आत हात घातला. एकेक ट्यूब सुटी गुंडाळलेली, प्रत्येकीला पावडर चोळलेली, लोण्यासारखी मऊ. एक ताणून बघितली. हवी तेवढी ताणली आणि परत आली.

खाली रश्मी शिडी धरून उभी होती. म्हणाली, "आई दरवर्षी करत होत्या, बाबा. गावावरून आलो की पुसून, पावडर लावून ठेवत. मागच्या संक्रांतीनंतरही त्याइनंच ठेवल्या."

"मले नाही सांगितलं कधी."

"मले म्हणत, सांगजो नको वं त्याइले. त्याइले वाटते, त्याइची ट्यूबच अशी भारी हाय. वाटू दे."

पिशवी घेऊन खाली उतरलो. किशोर दारात उभा होता. वास त्याच्यापर्यंतही गेला असावा. तो म्हणाला, "चला, वाकळ टाकू टपावर."

आम्ही दोघांनी मिळून चारी सायकली चढवल्या. मी खाली उभा राहून सांगत होतो, तो वर. हिरवी शेवटची, तोंड मागं. ट्यूब ओढताना मी श्वास सोडला. थाप मारली. आवाज भरीव आला.

सकाळी फाटकाशी गाडी आली. आडवा दांडा समोर. ओरडायला कोणी नव्हतं. तरी किशोरनं स्टिअरिंगवर मान खाली घातली, मागं रश्मीनं घातली, आणि माझीही मान वाकलेली होती. चौकीदार जुनाच. या खेपेला तो हसला नाही.

पारडी सोडल्यावर उतरून मी सायकली हलवून पाहिल्या. गाडी सोबत हलली. पुलावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. हिरव्या सायकलीच्या मागच्या चाकात जांभळा मांजा निघाला. आताचा नायलॉनचा, दातानं तुटणारा नव्हे. किशोरनं चावीनं कापला.

माझी सायकल मी टपावरच राहू दिली. किशोर आणि रश्मी आपापल्या सायकलींवर बसले आणि मी हिरवीचं हँडल धरून चालायला लागलो. तिच्यावर बसलो नाही. सीट तिच्या उंचीची होती, ती मी वर केली नाही. रश्मी म्हणाली, "बाबा, एवढं अंतर पायी?" मी म्हटलं, "तुमी व्हा पुढं." पण ते पुढं गेले नाहीत. हँडल डगमगतील एवढ्या हळू, माझ्या मागंमागं आले.

बाजूला लाखोळी फुललेली. कालव्याला पाणी होतं. सायकल हातात धरून चाललं की तिची टिकटिक ऐकू येते. विमल बसायची तेव्हा घंटीपुढं ती कधी ऐकू आली नव्हती. मला घंटी वाजवावीशी वाटली. अंगठा नेला आणि परत घेतला. ती घंटी वाजवणं माझं काम नव्हतं.

पार्वतीवहिनी दारात तांब्या घेऊन उभी होती. आता तीही वाकली आहे. आधी तिनं आम्हाला बघितलं, मग सायकल. तोंडाला पदर लावला. किशोरनं माझ्याकडं बघितलं. बघा, मी म्हणत होतो, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मलाही वाटलं, चुकलं. नव्हती आणायची.

वहिनी पायऱ्या उतरून आली. सायकलच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "आणली तुमी, भाऊजी. मले वाटलं, आता कायले येते हे सायकल इकडं." आणि अख्खा तांब्या, एक थेंब न ठेवता, तिनं पुढच्या चाकावर ओतला. अंगणातल्या मातीत पाणी लगेच जिरलं. कोणी हसलं नाही. किशोर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मग आत जाऊन दुसरा तांब्या भरून घेऊन आला, आमच्या पायांसाठी.

परत येऊनही आता बरेच दिवस झाले. पतंग संपले. झाडांवर त्यांच्या चिंध्या तेवढ्या लटकतात. दुपारी उन्हाला धार येऊ लागली तसं मला समजलं, ट्यूबा ठेवायची वेळ झाली. काल गॅलरीत बसून एकेक ओल्या फडक्यानं पुसली, सावलीत वाळवली. मग आत जाऊन विमलचा पावडरीचा डबा आणला. तो आरशापुढं होता तिथंच होता. कोणी हलवला नव्हता, मीही नाही.

डबा हलवला. तळाशी थोडी होती. मी तो हातात घेऊन बसून राहिलो. पावडर ठेवली तर वास राहील. नुसतं झाकण उघडलं की ती येईल. पण पावडर न लावता ट्यूबा ठेवल्या, तर येत्या उन्हाळ्यात तडकतील आणि पुढच्या पौषात हिरवी सायकल टपावर चढणार नाही. दुकानात दुसरी पावडर मिळते, हे मलाही माहीत आहे. पण तिच्या हातच्या कामात दुसऱ्याची पावडर मी घालू का?

डबा उपडा केला. बुडावर थापा मारल्या. सगळी पावडर ट्यूबांना चोळली. शेवटी बोटानं आतली कड पुसून घेतली. पट्टे गुंडाळले, परकराच्या पिशवीत ठेवले, नाडी बांधली. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

संध्याकाळी पानं वाढली. रश्मी म्हणाली, "बाबा, हात धुऊन घ्या."

मी हात मांडीवर ठेवले. म्हटलं, "चमचा दे."

किशोरनं वर बघितलं. एकाच वेळी त्याला सगळं आठवलं असणार, खोकं, रॅक, माझं बोलणं. त्याचं तोंड हसण्याच्या बेतात आलं होतं, तेवढ्यात तो वास त्याच्यापर्यंत पोचला. त्यानं मान खाली घातली आणि आपल्या ताटातला चमचा माझ्याकडं सरकवला.

वरण-भातच होता. चमच्यानं खाल्ला.